शांतता समित्या खूप झाल्या. पोलिसांना जाब विचारणारी समिती कुठे आहे?

वऱ्हाडात दंगल झाली की पुढे काय होते, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झाले आहे. संचारबंदी लागते. इंटरनेट बंद होते. वस्त्यांमध्ये धरपकड होते. चार-आठ दिवसांनी ठाण्यातून निरोप येतो, शांतता समितीची बैठक आहे. मौलाना, मंदिराचे विश्वस्त, बुद्धविहाराचे पदाधिकारी, व्यापारी संघाचे अध्यक्ष, दोन-चार माजी नगरसेवक एका रांगेत बसतात. ठाणेदार साहेब अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगतात. चहा होतो, फोटो होतो, दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. अकोल्यात कावड निघायच्या आधी, अमरावतीत गणपती-मोहरमच्या आधी, सगळीकडे १४ एप्रिलच्या आधी हेच चालते.

आम्ही अशा अनेक बैठकांना बसलो आहोत. एकदा आमच्या एका कार्यकर्त्याने साधा प्रश्न विचारला. त्या रात्री वस्तीतून कंट्रोल रूमला फोन गेले, त्यांची नोंद कुठे आहे, आणि गाडी किती वाजता निघाली? उत्तर मिळाले की आजचा विषय शांततेचा आहे, तक्रारीचा नाही. आमचा सगळा लेख या एका उत्तरावर आहे. शांतता समितीत पोलीस नागरिकांना बोलावतात आणि समज देतात. नागरिकांनी पोलिसांना बोलावावे, कागद मागावेत, जाब विचारावा, अशी जागा कोणती? शांतता आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपल्याला शिकवले गेले आहे. इतिहास सांगतो की जिथे तक्रारीला जागा नसते, तिथे शांतता दोन दंगलींच्या मधली सुट्टी असते.

आधी हे पोलीस खाते आले कुठून ते पाहू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्यामागे नमुना होता तो आयर्लंडमधल्या सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरीचा. लंडनचा शिपाई नागरिकांमध्ये मिसळून काम करील अशी कल्पना होती; आयर्लंडचा शिपाई जिंकलेल्या, अविश्वासू प्रजेवर नजर ठेवण्यासाठी होता. हिंदुस्थानला दुसरा नमुना मिळाला. हा पोलीस वरच्या साहेबाला उत्तरदायी होता, खालच्या माणसाला नाही.

आणि गावात? गावात पोलीस पाटील होता, आणि त्याच्या हाताखाली राबणारा महार होता. गावाची राखण, चोराचा माग, सरकारी टपाल, मयताची खबर ही सगळी कामे महाराची. म्हणजे पोलिसी कामाचे कष्ट आमच्या पूर्वजांकडे, आणि पोलिसी सत्ता पाटलाकडे. ज्याने गावाची राखण केली त्यालाच गावात अन्याय झाला तर तक्रार घेऊन त्याच पाटलाच्या ओसरीखाली उभे राहावे लागे.

बाबासाहेबांनी हे बरोबर हेरले होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात लष्कर आणि आरमाराबरोबर पोलीस खात्यातही अस्पृश्यांना प्रवेश मिळण्याची मागणी होती. पण भरतीवर ते थांबले नाहीत. आपली माणसे खात्यात गेली की खाते आपोआप न्यायी होईल, असा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता.

१९४७ साली त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध केले. त्यातली शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची आणि स्वतंत्र वसाहतींची चर्चा आपल्याकडे होते. पण त्यातल्या एका कलमाकडे आपलेही दुर्लक्ष झाले. अल्पसंख्याकांसाठी एक अधीक्षक नेमावा, असे ते कलम सांगते. (बाबासाहेबांच्या या मांडणीत अनुसूचित जाती हेसुद्धा अल्पसंख्याकच आहेत, हे लक्षात ठेवावे.) या अधीक्षकाचा दर्जा महालेखापरीक्षकासारखा असावा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने काढता येते त्याच पद्धतीने त्याला काढता यावे. त्याचे काम काय? अल्पसंख्याकांना जनता आणि सरकार कसे वागवते, संरक्षणाच्या तरतुदी कुठे मोडल्या, सरकारच्या किंवा त्याच्या अधिकाऱ्यांच्या जातीय-धार्मिक पक्षपातामुळे न्याय कुठे नाकारला गेला, याचा दरवर्षी अहवाल करणे. तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे आणि त्यावर चर्चेला वेळ देणे सरकारवर बंधनकारक असावे.

हे कलम नीट वाचा. सरकारी पैशाचा हिशेब तपासायला जसा स्वतंत्र लेखापरीक्षक, तसा सरकारी पक्षपाताचा हिशेब तपासायलाही स्वतंत्र अधिकारी. लेखापरीक्षक आला म्हणून कुठला कारकून ‘आमचे मनोधैर्य खचले’ म्हणत नाही. पक्षपाताच्या हिशेबालाही तोच न्याय असावा, एवढेच बाबासाहेबांचे म्हणणे होते. संविधानात यातले थोडेच उतरले. कलम ३३८ खाली अनुसूचित जाती-जमातींसाठी एक विशेष अधिकारी आला आणि पुढे त्याचा आयोग झाला. तो अहवाल देतो, शिफारस करतो. पण ठाण्यातल्या पक्षपाताचे दरवर्षी लेखापरीक्षण करणारी यंत्रणा काही आली नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? १९७४ मध्ये आपल्याच अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. त्या प्रकरणाला वाचा फुटली ती खात्याच्या तत्परतेने नाही. दलित पँथरने त्या दोन भावांना मुंबईला नेले, थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपुढे उभे केले, तेव्हा राज्य हलले. गावातल्या गुन्ह्याची दाद मागायला देशाच्या पंतप्रधानापर्यंत जावे लागत असेल, तर मधल्या सगळ्या पायऱ्या कुजलेल्या होत्या असाच अर्थ होतो.

मुंबईतही तेच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवर न्या. श्रीकृष्ण आयोग नेमला. १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा सुरू करावा लागला. १९९८ मध्ये अहवाल आला, त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता. त्यांच्यापैकी किती जणांना शिक्षा झाली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा जण गेले. न्या. गुंडेवार आयोग बसला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. बारा वर्षे! चौकशी आयोगाचा स्वभावच असा आहे. तो आग विझल्यावर येतो, राख मोजतो, अहवाल देतो आणि निघून जातो. रोजच्या ठाण्यावर त्याची नजर नसते.

आता २००६ सालाकडे या. आमच्या मते महाराष्ट्राच्या पोलीस इतिहासातले हे सर्वात बोलके वर्ष आहे. २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले. त्यातला एक असा, की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करा. राज्याच्या प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असावा, आणि प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी. अंमलबजावणीची मुदत ३१ डिसेंबर २००६.

त्या निकालाला सात दिवस होतात न होतात तोच २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाने ठेचून मारले. महिनाभर हे प्रकरण दाबलेलेच राहिले. मग विदर्भ पेटला. १४ नोव्हेंबर २००६ ला अमरावतीत निषेधाच्या वेळी पोलिसांची गोळी सुटली आणि एक आंबेडकरी तरुण ठार झाला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची भाषा केली. म्हणजे न्याय मागणारा संशयित झाला आणि गोळी झाडणारा बंदोबस्तावर राहिला.

निकालापासून या गोळीपर्यंत ५३ दिवस गेले होते. त्या दिवशी अमरावतीत निकालात सांगितलेले प्राधिकरण असते, तर त्या मुलाच्या घरच्यांना एक दार तरी असते. गोळी कोणाच्या आदेशाने सुटली, आधी इशारा दिला का, कमरेखाली नेम का धरला नाही, हे प्रश्न विचारायला इर्विन चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे धरणे धरावे लागले नसते.

मुदत ३१ डिसेंबरची होती. महाराष्ट्राने कायदा केला २०१४ साली. तोही कसा? न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, महाराष्ट्राने विभाग केला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांना मिळून एक विभागीय प्राधिकरण. मेळघाटात धारणीच्या पलीकडे राहणारा कोरकू, संग्रामपूरचा शेतमजूर, उमरखेडची बाई, सगळ्यांनी अमरावतीला यावे! कायद्याने या प्राधिकरणाला विषय बरेच दिले आहेत. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणे यांची तक्रार तिथे करता येते. पण नेमणुका सरकारच्या हातात, आणि प्रसिद्धी शून्य. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांना त्या कार्यालयाचा पत्ता ठाऊक आहे? ठाण्याच्या भिंतीवर लाचलुचपत विभागाचा नंबर असतो, महिला हेल्पलाइनचा असतो. तक्रार प्राधिकरणाचा नंबर तुम्ही कधी पाहिला?

या पोकळीत गेल्या काही वर्षांच्या दंगली झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचे निमित्त होऊन अमरावतीत १२ तारखेला मोर्च्यानंतर दगडफेक झाली. १३ तारखेला त्याच्याविरुद्धच्या बंदमध्ये जाळपोळ झाली. २०२२ मध्ये शहरातल्या एका औषध विक्रेत्याचा खून झाला. पोलिसांनी सुरुवातीला तो लुटीचा प्रकार मानून तपास केला, पुढे तो तपास एनआयएकडे गेला. तेव्हा पोलिसांनी माहिती दडवली असा आरोप करणारे लोक आमच्या विचाराचे नव्हते, समोरच्या छावणीतले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नागपुरी गेट ठाण्यावर जमावाने दगडफेक केली, त्यात वीसच्या आसपास पोलीस जखमी झाले. म्हणजे बौद्धांचा पोलिसांवर विश्वास नाही, मुसलमानांचा नाही, हिंदू व्यापाऱ्याचा नाही, आणि साधा शिपाई स्वतः मार खातो. अविश्वास सर्वांचा आहे. त्याला वाट मात्र एकच, रस्ता.

अकोल्याचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १३ मे २०२३ ला जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली. एक माणूस मारला गेला. दुसऱ्याच्या मालकीचा ऑटो चालवत असल्याने त्याला चुकीच्या धर्माचा समजून मारले, असे एका १७ वर्षांच्या जखमी मुलाचे म्हणणे होते. तो मुलगा सांगत होता की मी हे डोळ्यांनी पाहिले, आणि माझ्यावरही हल्ला झाला. त्याची तक्रार नोंदवली गेली नाही. त्याच्या घरच्यांनी पोलीस अधीक्षकांना लेखी दिले, तरी काही झाले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२४ मध्ये याचिका फेटाळली.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितले आहे. तरी या मुलाला दिल्लीपर्यंत जावे लागले. ११ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी पोलिसांना खडसावले. वर्दी अंगावर चढवताना स्वतःच्या धर्माचे, जातीचे पूर्वग्रह उतरवून ठेवावे लागतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमा, असा आदेश त्यांनी दिला.

राज्य सरकार पुनर्विलोकनासाठी गेले. आक्षेप होता पथकाच्या धार्मिक रचनेला. त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. न्या. गवई आपल्या अमरावतीचे, दादासाहेब गवईंचे पुत्र. आम्ही त्यात कोणाचा हेतू शोधत नाही. धर्म पाहून तपास अधिकारी निवडावा का, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. पण या सगळ्या वादात मूळ मुद्दा हरवला. तपास करणारा कोणत्या धर्माचा, यावर दोन महिने देशभर चर्चा झाली. तक्रार न नोंदवणाऱ्या ठाण्याला रोज कोण तपासतो, यावर कोणीच बोलले नाही. न्यायाधीश आपल्या गावचा असो की तपास अधिकारी आपल्या धर्माचा, माणूस बदलून संस्थेची उणीव भरून निघत नाही. बाबासाहेबांनी अधिकाऱ्याची जात मागितली नव्हती, त्याला काढता येणार नाही असे स्थान मागितले होते.

हे जगात कुठे जमले आहे का? जमले आहे, आणि गंमत अशी की जिथून आपल्या पोलिसांचा साचा आला त्याच आयर्लंडच्या उत्तर भागात जमले आहे. तिथे तीस वर्षे प्रोटेस्टंट-कॅथलिक संघर्ष चालला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. कॅथलिक लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून अधिक, पण पोलिसांत कॅथलिक होते सुमारे आठ टक्के. १९९८ च्या शांतता करारानंतर पॅटन आयोगाने १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या. २००१ मध्ये पोलीस दलाचे नाव, बोधचिन्ह, शपथ सगळे बदलले. दहा वर्षे भरतीत अर्धी जागा कॅथलिकांना दिली गेली. २०११ पर्यंत त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांजवळ पोचले.

पण तिथेही केवळ भरतीवर काम थांबले नाही. १९ सदस्यांचे पोलीस मंडळ झाले. त्यात दहा निवडून आलेल्या पक्षांचे, नऊ स्वतंत्र नागरिक. पोलीस प्रमुख त्यांच्यापुढे जाहीर बैठकीत उत्तरे देतो. आणि एक पोलीस लोकपाल आला, ज्याच्याकडे स्वतःचे तपास अधिकारी आहेत. पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच तपासाला जात नाही. ओमाघच्या बॉम्बस्फोटात २९ जण मेले होते. त्याच्या तपासात पोलीस कसे चुकले, हे पहिल्या लोकपाल नुआला ओलोन यांनी डिसेंबर २००१ मध्ये उघडपणे सांगितले. पोलीस प्रमुख संतापले. पण अहवाल मागे घेतला गेला नाही, आणि पोलीस दलही कोसळले नाही. उलट, वर्षानुवर्षे पोलिसांना शत्रू मानणारा शिन फेन पक्ष २००७ मध्ये पोलीस व्यवस्थेला पाठिंबा देऊन त्या मंडळात आला. जाब विचारायला जागा मिळाली, म्हणून विश्वास आला. आपल्याकडे आधी विश्वास ठेवा, मग बघू, असे सांगतात.

यावर आमचेच मित्र एक शंका काढतात. अशा समित्या राजकारणी लोकांच्या खिशात जातील, मग काय? शंका खरी आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी अधिकाऱ्याला काढण्याची पद्धत न्यायाधीशासारखी ठेवली होती. म्हणूनच अहवाल सभागृहात उघडपणे मांडण्याची सक्ती होती. बंद खोलीत खिसा चालतो, उघड सभागृहात तो चालवणे अवघड जाते.

दुसरी शंका पोलिसांच्या मनोधैर्याची. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात जाऊन हरले. ज्या शिपायाने कोणाला हात लावला नाही, त्याचे मनोधैर्य कोण खचवतो? त्याच्या खात्यातल्या मारकुट्याला पाठीशी घालणारा, की त्या मारकुट्याला वेगळा काढणारा?

मग आज, या क्षणी, आपल्या हातात काय आहे? बरेच आहे, फक्त आपण ते वापरत नाही.

पहिले, ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व संनियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य, आणि अनुसूचित जाती-जमातींचे पाच पर्यंत अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक झालीच पाहिजे. अमरावती आणि अकोल्यात तुमचे अशासकीय सदस्य कोण आहेत, मागची बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त कुठे आहे, हे माहिती अधिकारात मागा. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे. ते कलम किती वेळा लावले, तेही विचारा.

दुसरे, परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. त्यावर देखरेख करायला जिल्हा समिती सांगितली आणि त्या समितीत महापौर किंवा तत्सम लोकप्रतिनिधीला स्थान दिले. कॅमेरे चालू आहेत का, चित्रीकरण किती दिवस साठवले जाते, हे लोकप्रतिनिधींना विचारा. मते मागायला येतात तेव्हा विचारा.

तिसरे, विभागीय तक्रार प्राधिकरण जिल्हावार करावे, त्याचा पत्ता प्रत्येक ठाण्याच्या दारावर मराठी आणि उर्दूत लावावा, आणि त्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळात चर्चेला यावा, ही मागणी आपल्या सगळ्या संघटनांनी एकत्र करावी. ही मागणी आम्ही फक्त बौद्धांसाठी करत नाही. जुन्या शहरातल्या त्या मुलासाठी करतो, त्या ऑटोचालकासाठी करतो, त्या औषध विक्रेत्यासाठीही करतो.

पुढच्या शांतता समितीच्या बैठकीला आम्ही जाणार आहोत. चहाही घेऊ. पण हातात लेखी अर्ज असेल, त्याची पोच मागू, आणि आमचा प्रश्न पुन्हा तोच असेल, की त्या रात्री फोन किती वाजता आला आणि गाडी किती वाजता निघाली? आजचा विषय शांततेचा आहे असे कोणी म्हणाले, तर आमचे उत्तर तयार आहे. साहेब, आम्ही त्याच विषयावर बोलतो आहोत.

जयभीम!